ऐकणाऱ्यांचा मुलूख

नगरकडं ‘पोरगं ऐकत नाही’ असं म्हटलं की त्याच्या कानात दोष आहे असं कोणी समजत नाही. सांगितलेलं काम ते करत नाही, एवढाच अर्थ. ऐकणं आणि करणं यांत मराठीने फारसं अंतर ठेवलेलं नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही तसंच आहे. तिथला ‘शमा’ हा शब्द कानांनी ऐकण्यासाठी वापरतात आणि आज्ञा पाळण्यासाठीही. या पुस्तकाचं हस्तलिखित हातात आलं तेव्हा पहिल्यांदा हेच सुचलं, कारण पुस्तकाचा विषय भारदस्त भाषेत सांगायचा तर ‘देवावरील विश्वास व आज्ञापालन’ असा आहे. माझ्या आजीच्या भाषेत सांगायचा तर, कठीण काम पुढ्यात आलं की देवाचं ऐकायचं की नाही, आणि ऐकायचं तर त्याच्यावर भरोसा कितपत टाकायचा, असा आहे.

मी हे राळेगणसिद्धीत बसून लिहितो आहे. संपादकांनी हस्तलिखित दिलं आणि सुचवलं की यातले पाण्याविषयीचे लेख बांधबंदिस्ती पाहत पाहत वाचा. सूचना चांगली होती. पुणे-नगर रस्ता वाडेगव्हाणला सोडून आत वळलं की पारनेर तालुक्याचं उघडंबोडकं माळरान दिसतं, आणि मग एकाएकी झाडी लागते. राळेगणची गोष्ट ख्रिस्ती नाही हे आधीच सांगून टाकतो. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर इथं कामाला सुरुवात केली ती यादवबाबांच्या मोडकळलेल्या देवळापासून, स्वतःच्या फंडाचे पैसे घालून. गावाजवळचा पाझर तलाव गळका होता. तो श्रमदानाने दुरुस्त झाला तेव्हा खालच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं, आणि त्यानंतर गावाने बाकीचं ऐकलं. पाणी दिसल्यावर विश्वास ठेवणारे पुष्कळ असतात. दिसायच्या आधी जे कुदळ घेऊन गेले त्यांच्याविषयी कुतूहल वाटतं. या पुस्तकातली माणसं त्या जातीची आहेत, फक्त त्यांचा देव येशू ख्रिस्ताच्या रूपातला आहे आणि त्यांची कहाणी याच जिल्ह्यात जवळपास दोनशे वर्षं मागे जाते.

विषयाला नवख्या वाचकासाठी थोडी जुनी वाट चालून येऊ. बायबलमध्ये कठीण काम सांगितलं गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आधी कुरकुर करतो. मोशे जळत्या झुडपासमोर उभा राहून सबबींची यादीच वाचतो. शेवटची सबब अशी की मला बोलता येत नाही. गिदोन लोकरीचा तुकडा खळ्यात ठेवून देवाची दोनदा परीक्षा घेतो, आणि मग त्याच्या बत्तीस हजारांच्या सैन्यातून देव तीनशेच माणसं ठेवतो. योनाला निनवेला जायला सांगितलं तर तो तार्शीशच्या जहाजात चढतो, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. येशूने सांगितलेली दोन मुलांची गोष्ट मला या साऱ्यांहून जवळची वाटते. बाप म्हणतो, आज मळ्यात काम कर. थोरला म्हणतो, जात नाही. आणि नंतर जातो. धाकटा म्हणतो, जातो की. आणि जात नाही. मळ्याची कामं ठाऊक असलेल्या कुठल्याही नगरी घरात ही दोन्ही पोरं सापडतील. येशूचं माप सरळ आहे. तोंडाने काय म्हटलं ते सोडा, पाय कुठं गेले ते बघा.

पुढे मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, यावरूनच वाद पेटला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अब्राहामाचा दाखला देऊन म्हटलं की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाने आपल्या पत्रात त्याच अब्राहामाला साक्षीला उभं केलं आणि म्हटलं की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. साक्षीदार एक, वकील दोन. सोळाव्या शतकात ल्यूथरने पौलाची बाजू इतक्या जोरात घेतली की याकोबाचं पत्र त्याला हलकं वाटू लागलं. त्याच शतकात इग्नेशियस लोयोलाने जेझुइट संघ उभा केला, आणि त्याचा कणा होता आज्ञापालनाचं व्रत. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलरने तिसरी तऱ्हा दाखवली. हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करायचा, पण माणसापुढे पैशासाठी हात पसरायचा नाही. मागायचं ते देवाकडेच. आणि १९३७ साली, हिटलरच्या जर्मनीत, डीट्रिख बॉनहोफरने शिष्यत्वाची किंमत काय असते यावर पुस्तक लिहिलं. ती किंमत त्याने एप्रिल १९४५ मध्ये फासावर चढून मोजली. या चारही प्रवाहांचं पाणी कुठं ना कुठं मराठी मुलखात झिरपलेलं आहे, म्हणून एवढं सांगितलं.

मराठीत अब्राहामाची गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली ती गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, आणि ओवी हा छंद निवडण्यातच त्याची सारी दृष्टी दिसते. ऐकवायचं असेल तर ऐकणाऱ्याच्या कानाला सवय असलेल्या चालीत ऐकवायला हवं. घाटावरच्या प्रॉटेस्टंटांना हे उमजायला पुढची दोन-अडीचशे वर्षं लागली. मिशनरी कॅरीच्या श्रीरामपूर छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला, पण तो गावागावांत पोचला असं म्हणवत नाही. (हे श्रीरामपूर बंगालचं. आपल्या जिल्ह्यातल्याचा त्याच्याशी संबंध नाही. घोटाळा नेहमी होतो.)

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून होतं. १८३१ च्या डिसेंबरात त्याचे लोक अहमदनगरला आले, आणि या पुस्तकाचा खरा मुलूख तिथून सुरू होतो. त्यांच्या पाठोपाठ १८३९ मध्ये सिंथिया फरार नगरला आल्या. अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. शाळेत मुली याव्यात म्हणून घरोघर फिरणं हे त्या काळी शिकवण्याहून अवघड काम होतं. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला येऊन त्या शाळा पाहून गेले, आणि पुण्यात त्यांनी काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे प्रशिक्षण घेतलं. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांचं नाव फुल्यांच्या चरित्रात एका ओळीत येतं आणि जातं. ती ओळ या पुस्तकाने थोडी लांबवली आहे, त्याबद्दल मी संपादकांचा आभारी आहे.

नगरकडच्या आज्ञापालनाचा पहिला प्रवाह कर्तव्याचा. मिशनच्या त्या पहिल्या पिढीची शिकवण कर्तव्यकठोर होती. प्रार्थना, शाळा, छापखाना, वेळेवर उठणं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे १८५४ मध्ये पाळक म्हणून दीक्षित झाले. अशा शिकलेल्या घरांतल्या धर्मांतरितांविषयी मराठीत भरपूर लिहिलं गेलं, कारण ते स्वतः लिहिणारे होते. बाबा पदमनजींचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ हे त्यातलं ठळक उदाहरण. पण जिल्ह्यातल्या मंडळ्या भरल्या त्या महार आणि मांग वाड्यांनी. दुष्काळाच्या वर्षांत, १८७६ ते ७८ आणि पुन्हा शतकाच्या शेवटी, ही संख्या वाढली, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा कायमचा चिकटला. या टोमण्याला पुस्तकातल्या एका लेखात दिलेलं उत्तर मला पटलं. पोटासाठी कोणी आला असेल तर पाऊस पडल्यावर तो परत गेला असता. ज्यांनी दुष्काळानंतरही गावच्या पाटलाचा रोष पत्करला, पाणवठ्यावरची मारहाण सोसली आणि तरी रविवारी देवळात बसले, त्यांच्या ऐकण्याला काय नाव द्यायचं ते वाचकाने ठरवावं. (ख्रिस्ती माणसं प्रार्थनाघरालाही ‘देऊळ’ म्हणतात, हे नगरबाहेरच्या वाचकासाठी.)

दुसरा प्रवाह भक्तीचा, आणि त्याच्या मुखाशी नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पुढे नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत, राहुरीलाही राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या आधी कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांनी भजन घराघरांत नेलं. आज रविवारी मंडळीत पेटी आणि तबल्यावर जे गायलं जातं त्यातलं कितीतरी त्यांचं आहे. पण या पुस्तकाला टिळक हवे आहेत ते कवी म्हणून नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. ख्रिस्त हवा, पण साहेबाच्या कोटातला नको, असा त्यांचा हट्ट. मिशनच्या शिस्तीच्या नजरेतून पाहिलं तर हा माणूस ऐकत नव्हता. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने ते पहिल्यांदाच नीट ऐकत होते. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ ला, ते वारले. दरबाराचा संसार काही फार चालला नाही. संपादकांनी हे अपयश झाकलेलं नाही, हे मला आवडलं.

इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते पुस्तकाचं मर्म इथं आहे. आज्ञापालन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मान खाली घातलेला माणूस येतो. मंडळीत, घरात, शाळेत हा शब्द नेहमी वरच्याने खालच्याला ऐकवलेला आहे. पाळकाने मेंढरांना, नवऱ्याने बायकोला, साहेबाने नेटिव्हाला. पण या जिल्ह्याच्या आणि आसपासच्या इतिहासात ज्यांना आपण देवाचे आज्ञांकित म्हणून आठवतो, ते सगळे कोणा ना कोणा माणसाचं न ऐकलेले आहेत. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना सिद्धांत शिकवायला घेतले, आणि रमाबाई वाद घालत राहिल्या. त्यांची पत्रं उपलब्ध आहेत. पुरोहितांच्या जोखडातून सुटून दुसऱ्या कोणाच्या हुकमाखाली पुन्हा मान घालायची नाही, हा त्यांचा सूर आहे. मात्र ज्याला त्या देवाची हाक समजल्या, तिथं मागेपुढे पाहिलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी उपासमारीत गमावलेले होते. हाताशी पैसा नसताना तीनशे मुली-बायका आणायच्या असं त्यांनी ठरवलं आणि केडगावला आणल्या. म्यूलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. माणसापुढे हात न पसरण्याची ती तऱ्हा दौंडजवळच्या माळावर मुक्ती मिशन होऊन उभी राहिली. नंतरची सुमारे अठरा वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि आश्रमातल्या बायकाच खिळे जुळवून ते छापत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर काय कोसळलं ते त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या लगेच त्याच्या मागे गेल्या नाहीत. सोवळं, माहेर, लोक, स्वतःचा देव हे सारं त्यांनी पाच वर्षं मनात घुसळलं, आणि १९०० साली, पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची आज्ञा म्हणून घेतला नाही. त्या पाच वर्षांना काही प्रवचनकार ‘अविश्वासाचा काळ’ म्हणतात. माझं मत उलट आहे. ‘जात नाही’ म्हणून नंतर मळ्यात गेलेल्या थोरल्या मुलाची ती वर्षं आहेत.

तिसरा प्रवाह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यात शब्द कमी आणि घाम जास्त आहे. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं, जिल्ह्यात कॉलेज नव्हतं तेव्हा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे वेल्लोरला शिकले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं राबले आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं की बरा करून पाठवलेला रोगी त्याच पाण्यामुळे, त्याच उपासमारीमुळे परत येतो. अमेरिकेतलं शिक्षण आटोपून ते १९७० मध्ये जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं. आरोग्याची योजना घेऊन आलेल्या या दोघांना लोकांनी सांगितलं की आधी अन्न आणि पाणी. त्यांनी ऐकलं. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या एका ग्रंथात जामखेडचं उदाहरण छापलं, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रजनीकांत आरोळे आपल्या श्रद्धेविषयी उघड बोलत, पण दवाखान्याच्या दारात कोणाचा धर्म विचारला जात नसे. या वाटेवर देवाचं ऐकणं आणि बाईचं ऐकणं ही दोन वेगळी कामं राहत नाहीत.

आणि फादर हर्मन बाकर. स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ साली भारतात आले, पुढे नगरचे झाले. सुरुवातीला त्यांचाही भर विहिरींवर होता. विहिरी खणल्या आणि त्या आटल्या. माथ्यावरचं पाणी अडवल्याशिवाय पायथ्याची विहीर भरत नाही, हे त्यांनी या दुष्काळी पट्ट्याकडून शिकून घेतलं. माथा ते पायथा हे सूत्र धरून १९८९ पासून भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. गावाने आधी श्रमदान करावं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, मग पैसा, ही त्या कार्यक्रमाची अट. राळेगणच्या शिवारात हीच बंधनं आधी पारखली गेली होती. आज्ञापालनाचं व्रत घेतलेला जेझुइट आणि यादवबाबांच्या देवळात राहणारा माजी सैनिक एकाच निष्कर्षाला आले, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींना जरा अडचणीची वाटेल. वाटू द्या.

आता, आजच हे पुस्तक का. एक कारण मंडळीतच आहे. ‘विश्वास ठेवा आणि मिळवा’ असं सांगणाऱ्या सभा वाढल्या आहेत. नोकरी मिळेल, आजार जाईल, कर्ज फिटेल. त्यात विश्वास हा देवाकडून काम काढून घेण्याचा उपाय बनतो, आणि काम फत्ते झालं नाही की दोष विश्वास कमी पडला म्हणून माणसाच्याच माथी. गेथशेमाने बागेतल्या येशूची प्रार्थना मान्य झाली नव्हती, हे या सभांत फारसं सांगितलं जात नाही. दुसरं कारण मंडळीबाहेरचं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती माणसाला आजही नाही. त्यामुळे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ‘प्रभूला मानतो’ हे वाक्य दाखल्याच्या कागदाशी येऊन अडतं. देवळात एक नाव आणि शाळेत दुसरं, अशी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. या पुस्तकाने ते म्हटलेलं नाही. त्यांची घालमेल त्यांच्याच तोंडून मांडली आहे आणि निवाडा दिलेला नाही. माझ्या मते हा भाग सर्वांत धाडसाचा आहे.

पुस्तक काय करू पाहतं ते आता वाचकाला कळलं असेल. हा चमत्कारांचा संग्रह नाही आणि मिशनचा गौरवग्रंथही नाही. कठीण काम समोर आल्यावर माणसाने नेमकं काय केलं, कोणाचं ऐकलं, कोणाचं मोडलं आणि किंमत कोणी दिली, एवढे प्रश्न संपादकांनी प्रत्येक लेखकापुढे ठेवले होते. काहींनी उत्तरं दिली, काहींनी प्रवचन केलं. प्रवचनं बरीच कापली गेली आहेत. आणखी थोडी कापता आली असती. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेवरचा लेख विषयाला धरून नाही असं माझं मत आहे, पण तो इतका जिवंत आहे की मी तक्रार मागे घेतो.

एक उणीव मात्र नोंदवतो. बायबलबायांविषयी पुस्तकात फार थोडं आहे. पाटीत पुस्तकं घेऊन वाड्यावस्त्यांवर हिंडणाऱ्या, आजाऱ्याजवळ बसणाऱ्या, मुलींना अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या या बायकांच्या जिवावर अर्धं मिशन चाललं. त्यांच्या नवऱ्यांची नावं सापडतात, त्यांची नाहीत. संपादकांनी जुने अहवाल चाळले; तिथंही बहुतेक ठिकाणी आकडेच निघाले. पुढच्या आवृत्तीसाठी कोणाच्या घरी ट्रंकेत पत्रं, वह्या, फोटो असतील तर ते पोचवावेत, अशी विनंती मी त्यांच्या वतीने करतो.

ज्याला घाई आहे त्याने लक्ष्मीबाईंवरचा लेख आधी वाचावा. त्यात ‘ख्रिस्तायना’ची हकिकत आहे. टिळकांनी येशूच्या चरित्राचं हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि सुरुवातीचे अध्याय लिहून ते गेले. शाळेची पायरी नीटशी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे लिहायला घेतलं. बहुतेक सारे अध्याय त्यांचे आहेत. तेही पुरं व्हायच्या आत, १९३६ साली, त्या वारल्या, आणि शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला. आमच्या घरातल्या प्रतीत आजीने लक्ष्मीबाईंचा भाग जिथं सुरू होतो तिथं पिंपळाचं पान ठेवलं होतं. जाळी झालेलं ते पान अजून तिथंच आहे.

राळेगणसिद्धी